सोय मागून घ्या: दिव्यांग विद्यार्थ्यांच्या पहिल्या नोकरीविषयी

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो,

आरक्षणाबद्दल मी आज थोडंच बोलणार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलं आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखून ठेवल्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या परीक्षा जरूर द्या. पण जाहिरातीची वाट बघता बघता पदवीनंतरची वर्षं निघून जातात आणि बायोडेटात कामाचा अनुभव म्हणून लिहायला एक ओळही नसते. म्हणून माझा आग्रह आहे की पहिलं काम शिकतानाच करा, आणि जमलं तर कॉलेजच्या आवारातच करा.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ची वाट आपल्याकडे आजही चालू आहे. दिव्यांग मुलांना मात्र त्यात क्वचितच कुणी आपणहून बोलावतं, कारण बागकाम आणि सामानाची ने-आण एवढंच लोकांच्या डोळ्यांपुढे येतं. तुम्ही स्वतः जाऊन ग्रंथालयातलं, ऑफिसातलं, संगणकावरचं काम मागा.

त्या कामातून मिळणारे पैसे थोडे असतील, पण आपल्याला नेमकं काय लागतं ते तिथेच कळतं. अल्पदृष्टी असलेली एक मुलगी ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायची. दुपार झाली की तिचं डोकं ठणकायला लागायचं. ‘डोळ्यांना झेपत नाही तिच्या,’ असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. खरं कारण वेगळं होतं: समोरच्या खिडकीतलं ऊन थेट स्क्रीनवर यायचं. टेबल दुसऱ्या भिंतीशी सरकवलं, अक्षरं मोठी केली, पार्श्वभूमी काळी केली आणि ती संध्याकाळपर्यंत काम करू लागली. पैसा एकही लागला नाही. पुढे मुलाखतीत तिला हे सगळं एका वाक्यात सांगता आलं.

तुम्हालाही असंच बोलता आलं पाहिजे. आजाराचं नाव आणि लहानपणापासूनचा इतिहास मुलाखतीत कुणाला नको असतो. ‘मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, फाइल स्कॅन केलेल्या चित्राऐवजी टाइप केलेली द्या,’ किंवा ‘मला ऐकू येत नाही, मीटिंगचे मुद्दे लेखी लागतील,’ एवढं पुरे. निवड चाचणीतच सोय लागणार असेल तर चाचणीच्या आधी ईमेल करा. तोंडी बोलणं विसरलं जातं.

कायदा तुमच्या बाजूने कुठवर येतो, तेही नीट समजून घ्या. सरकारी आस्थापनेवर वाजवी सोय करून देण्याचं थेट बंधन आहे. खासगी कंपनीलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, आणि २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. एचआरकडे हे धोरण मागा. प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व नाही म्हणून गप्प बसणाऱ्यांना मी विकास कुमार खटल्याची आठवण करून देतो. हाताला रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास असलेल्या या उमेदवाराला परीक्षेत लेखनिक हवा होता. लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या अटीला बांधून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं.

तरीही माझ्या मते धोरणापेक्षा साहेब महत्त्वाचा. रोजचं काम ज्यांच्या हाताखाली करायचं, त्यांना होकार देण्याआधी भेटा. ‘काम कसं वाटून देता? अडलं तर कुणाला विचारायचं?’ असं विचारा. उत्तर देताना ते तुमच्याकडे बघतात की सोबत आलेल्या माणसाकडे, यावरून बरंच कळतं. जागाही पाहून या. व्हीलचेअर वापरत असाल तर टॉयलेट कोणत्या मजल्यावर आहे, त्याचं दार आत उघडतं की बाहेर, लिफ्ट रात्री चालू असते का, हे सगळं बघा. टॉयलेटची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिता काम करणाऱ्या मुली मला माहीत आहेत. पगार कितीही असो, अशी नोकरी टिकत नाही आणि तब्येतही राहत नाही.

पालकांना एक विनंती. मुलाखतीच्या खोलीत तुम्ही जाऊ नका. बसचा रस्ता आधी दाखवा, स्टॉपपासून गेटपर्यंत एकदा बरोबर चाला. पगाराचं, वेळेचं आणि सोयींचं बोलणं मात्र मुलांना स्वतःलाच करू द्या, अडखळली तरी चालेल.