अवकाशातून खाली सोडलेला दोर

अवकाश-लिफ्ट, म्हणजे रॉकेटशिवाय दोरावरून अवकाशात चढणारी लिफ्ट, म्हटलं की डोळ्यांपुढे ढगांत घुसलेला मनोरा उभा राहतो. आधी तो मनोरा पाडू या. आयफेल टॉवरवरून स्फूर्ती घेऊन रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीने 1895 साली तसा मनोरा कल्पिला होता. पण एवढ्या उंचीचं बांधकाम स्वतःच्याच वजनाने चिरडून जाईल. लिफ्ट टांगायची असते, मंडळी! विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो; हीच भूस्थिर कक्षा. तिथून दोर खाली सोडायचा आणि तोल राखायला बाहेरच्या बाजूलाही वाढवत न्यायचा. खालचा भाग पृथ्वी ओढते, वरचा गोफणीतल्या दगडासारखा बाहेर ताणला जातो, आणि दोर ताठ राहतो.

हे मांडणाऱ्या माणसाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण त्याचं नाव फार कमी घेतलं जातं. युरी आर्त्सुतानोव्ह, लेनिनग्राडचा अभियंता. जुलै 1960 मध्ये, पहिला अंतराळवीर गागारिन अजून उडायचा होता तेव्हा, ‘कोम्सोमोल्स्काया प्राव्दा’ या दैनिकात त्याने हे लिहिलं. शोधनिबंध नव्हे, वर्तमानपत्रातला लेख! रशियाबाहेर कुणी दखल घेतली नाही. 1966 मध्ये अमेरिकेतल्या समुद्रशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली. (खोल पाण्यात लांबच लांब तारा सोडणाऱ्यांनाच ती सुचावी, याचं मला फार कौतुक वाटतं.) 1975 मध्ये अमेरिकन अभियंता जेरोम पिअरसनने पुन्हा पहिल्यापासून गणित केलं: दोर भूस्थिर कक्षेत सर्वांत जाड, दोन्ही टोकांकडे निमुळता. मधली पंधरा वर्षं केवळ भाषेच्या भिंतीपायी वाया गेली, ही माझी खरी तक्रार आहे.

वेळ संपल्याची खूण झाली. रॉकेटपेक्षा लिफ्ट का बरी, ते भरभर सांगतो. उड्डाणावेळी रॉकेटच्या वजनात 85 ते 90 टक्के इंधनच असतं, कारण इंधन वाहायलाही इंधन लागतं. दोरावरून एक किलो सामान भूस्थिर कक्षेत न्यायला तत्त्वतः 13-14 युनिट वीज पुरते. कक्षेत राहायला लागणारा आडवा वेग पृथ्वीच्या फिरण्यातून मिळतो. ताशी 200 किलोमीटरने आठवडाभर लागेल, म्हणून माणसांसाठी पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांचा प्रश्न आहेच. सुमारे 47,000 किलोमीटरच्या वर जाऊन हात सोडला, तर यान रॉकेटशिवाय पृथ्वीची पकड सोडून निघून जातं!

अडतं ते दोराच्या द्रव्यावर. पोलादाची तार काही डझन किलोमीटर लोंबली की स्वतःच्या वजनाने तुटते. कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म नळ्या; त्यांतली एकेक नळी विलक्षण बळकट असते, पण त्यांचा धागा वळला की ते बळ कितीतरी घटतं. जपानच्या ओबायाशी कंपनीने 2012 मध्ये 2050 चं लक्ष्य जाहीर केलं. ते गाठणं या धाग्यावर अवलंबून आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिली लिफ्ट चंद्रावर बांधा. तिथे गुरुत्व एक षष्ठांश, हवा नाही. चंद्रापासून सुमारे 56,000 किलोमीटरवरच्या समतोल बिंदूपलीकडे (जिथे पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ नि फिरण्याचा परिणाम मिळून तोल साधतो) पृथ्वीच्या दिशेने दोर ताणायचा, आणि त्याला आज कारखान्यांत बनणारे तंतू पुरतात.