हजेरीपटावरचा फुटबॉल

मुंबईच्या फुटबॉल लीगचे जुने निकाल वाचायला घेतले, तर आपण खेळाचे पान वाचतो आहोत की शेअर बाजाराचे, असा क्षणभर संभ्रम पडतो. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया, युनियन बँक, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, आरसीएफ. कोलकात्याच्या मोहन बागानने एका वाड्याचे नाव घेतले, ईस्ट बंगालने आपल्या माणसांच्या मुलुखाचे नाव घेतले. मुंबईच्या मोठ्या संघांनी मात्र पगार देणाऱ्याचे नाव घेतले. या शहरातल्या जुन्या क्लबांची गोष्ट सांगायची, तर ती नोकरीपासूनच सांगावी लागते.

पडद्यावर दिसणारे हे मैदान कूपरेजचे आहे. लाकडी पिंपे घडवणाऱ्या कारागिराला इंग्रजीत कूपर म्हणतात, आणि त्या कारागिरांच्या येथल्या कारखान्यावरून या जागेला हे नाव पडले. पिंपे केव्हाच गेली, नाव राहिले. मुंबईतल्या फुटबॉलचा आरंभ मात्र कारखान्यांनी नव्हे, तर पलटणींनी केला. १८९१ साली सुरू झालेला पहिला रोव्हर्स चषक वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने जिंकला आणि पुढची कित्येक वर्षे हा चषक गोऱ्या सैनिकांच्याच छावण्यांमधून फिरत राहिला. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. भारतीय संघाच्या हाती हा चषक पहिल्यांदा लागला तो १९३७ मध्ये, आणि तो उंचावणारा बंगलोर मुस्लिम्स हा संघही बाहेरगावचाच होता. आपल्या अंगणातला चषक पाहुण्यांनी न्यावा आणि यजमानांनी टाळ्या वाजवाव्यात, हे मुंबईच्या वाट्याला पुढेही बऱ्याचदा आले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला.

पलटणी गेल्यावर मैदानावर जी जागा मोकळी झाली, ती मुंबईत कंपन्यांनी भरून काढली, आणि त्यामागचे कारण अगदी व्यवहारातले होते. खेळ हौशी मानला जात असे. खेळण्याचे उघड पैसे मिळत नसत आणि घर तर चालवायचे असे. गोव्याहून येऊन धोबी तलावाच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिगृहांमध्ये, राहणारा तरुण असो, वांद्र्याच्या गावठाणातला असो किंवा गिरणगावातल्या चाळीतला, त्याच्या पायातले कौशल्य ओळखून त्याला नोकरी देणारा मालक हाच त्याचा क्लब झाला. सकाळी सराव करायचा, मग मस्टरवर सही करायची आणि सामन्याच्या दिवशी साहेबाच्या परवानगीने लवकर निघायचे, असा तो दिनक्रम असे. गुडघे थकले की तोच माणूस त्याच कार्यालयात टेबलामागे बसे आणि निवृत्त होईपर्यंत बसून राहत असे. ‘स्पोर्ट्समधून लागला’ हे दोन शब्द ज्या घरांत अभिमानाने उच्चारले जात, त्या घरांना चषकापेक्षा ‘परमनंट’ झाल्याचे पत्र मोलाचे वाटत असे, आणि त्यात गैर काहीच नव्हते. मराठी माणसाला ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही. टाइम्स शील्ड या कार्यालयीन संघांच्या स्पर्धेचे क्रिकेट आणि व्यावसायिक गटाची कबड्डी याच हजेरीपटावर उभी राहिली.

या व्यवस्थेने दिलेला फुटबॉल दुय्यम दर्जाचा होता, असे समजणे अन्यायाचे ठरेल. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, तेव्हा त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझा या मुंबईत खेळणाऱ्या आघाडीवीराचे होते. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू, आणि त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत तो संयुक्तपणे पहिला होता. दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, कॅल्टेक्सने रोव्हर्स चषक जिंकून तो अखेर मुंबईत ठेवला.

त्या कॅल्टेक्सचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. सत्तरच्या दशकात या तेलकंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ती हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. कंपनीची पाटी बदलताच रोव्हर्स विजेत्याचे नावही शहराच्या बोलण्यातून उतरले. गिरण्यांच्या संघांचे दुखणे याहून खोल होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगावाचे भोंगे पूर्वीसारखे वाजलेच नाहीत. जिथे साच्यांवरच्या माणसांचे पगार राहिले नाहीत, तिथे आघाडीच्या फळीचे पगार कोण आणि किती दिवस देणार होते? संघ हरल्यामुळे बंद पडला असता, तर निदान कोणीतरी हळहळले असते. येथे तो खर्चाच्या एका ओळीसारखा खोडला गेला. मैदानावर येऊन त्या संघासाठी ओरडणारे लोक होते, पण तो आपल्या गल्लीचा आहे असे म्हणणारी गल्ली नव्हती.

महिंद्राचा संघ या सगळ्यांत अधिक काळ आणि अधिक जिद्दीने टिकला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या संघाला, कंपनीच्या गाडीवरून, ‘जीपमेन’ असे टोपणनाव पडले होते. नव्वदच्या दशकात परदेशी खेळाडू आले, करार आले, १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, आणि कार्यालयातल्या टेबलाची ओढ कमी झाली. त्यानंतर या संघाने ‘महिंद्रा युनायटेड’ हे नाव घेऊन व्यावसायिक रूप धारण केले. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ च्या हंगामात त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली. ती स्पर्धा जिंकणारा मुंबईचा तो एकमेव क्लब. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, यापुढे शालेय मुलांच्या फुटबॉलवर लक्ष द्यायचे ठरवून कंपनीने संघ बंद केला. मुलांसाठी काही करावे हे उत्तमच. पण त्या मुलांनी मोठे होऊन खेळायचे कोणाकडून, हा प्रश्न तेव्हा कोणी मोठ्याने विचारल्याचे स्मरत नाही.

रोव्हर्स चषकाचा शेवट तर याआधीच, २००१ मध्ये, फारसा आवाज न होता झाला होता. कूपरेजचीही अवस्था अशी की राष्ट्रीय लीगच्या निकषांत ते बसेना, म्हणून मुंबईच्या संघांना काही काळ आपले ‘घरचे’ सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. पुढे या मैदानावर कृत्रिम गवत आले. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी हे दोन्ही संघ राष्ट्रीय लीगच्या बाहेर गेले, पण ते गुणांच्या तक्त्यात तळाला असल्यामुळे नव्हे. आशियाई महासंघाच्या परवाना नियमांना क्लब ही स्वतंत्र संस्था हवी होती, तिची स्वतःची मुलांची पथके हवी होती. आणि एखाद्या आस्थापनेचा क्रीडा विभाग म्हणून जन्मलेला संघ त्या कागदांत बसत नव्हता. पन्नास-साठ वर्षे जी गोष्ट मुंबईच्या फुटबॉलचे बळ होती, तीच अपात्रतेचे कारण झाली. नियम चुकीचा होता असे म्हणता येणार नाही, परंतु तो लिहिताना या शहराचा इतिहास कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता, हे मात्र खरे.

वरचे दार बंद झाल्यावर उरते ती शहराची लीग, आणि ती थांबलेली नाही. शहराच्या फुटबॉल संघटनेचे वेगवेगळ्या गटांचे सामने आजही कूपरेजवर आणि वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर होतात. येथे बँकेच्या, रेल्वेच्या आणि पोलिसांच्या संघांसमोर आता खासगी अकादमींची मुले उभी असतात. अंधेरीच्या क्रीडासंकुलात मुंबई सिटी या व्यावसायिक क्लबचा सामना पाहायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांची पावले इकडे वळतात. जे वळतात, त्यांत जुने खेळाडूच अधिक.

या सगळ्या वाटेने चालत गेलेल्या एका माणसाचे नाव येथे घेतले पाहिजे, ते म्हणजे खालिद जमील. महिंद्रा, मग एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा, आणि २००७ मध्ये स्थापन झालेला, शहराचेच नाव घेतलेला मुंबई एफसी, असा त्यांचा खेळाडू म्हणून प्रवास झाला. पुढे मुंबई एफसीला त्यांनी २००९ पासून सात हंगाम प्रशिक्षण दिले. २०१६ मध्ये ते तेथून बाहेर पडून मिझोरममध्ये गेले, आणि २०१६-१७ च्या हंगामात त्यांच्या ऐझॉल एफसीने आय-लीग, म्हणजे नव्या नावाची राष्ट्रीय लीग, जिंकली. त्याच हंगामात मुंबई एफसीची पदावनती झाली आणि लवकरच तो क्लबही बंद पडला. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्या दिवशी, मुंबईत ते ज्या तीन क्लबांकडून खेळले होते, त्यांपैकी एकही देशाच्या कोणत्याही राष्ट्रीय लीगमध्ये नव्हता.