तमिळ दिंडी, मराठी चिपळ्या
(व्याख्यानाचं संपादित रूप)

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली तो कोरून घेतला. लिपी देवनागरी, भाषा मराठी, आणि लेख भलामोठा. आज त्याच्यासमोरून रोज हजारो माणसं जातात, पण थांबून वाचणारा क्वचितच. त्याच राजवटीत दक्षिणेत गेलेली दुसरी एक मराठी गोष्ट मात्र तमिळ माणसांच्या तोंडी बसली. ती म्हणजे कीर्तन. दगडात कोरलेलं जिथल्या तिथे राहिलं आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे पद्याचे मराठी छंद तमिळ बोलू लागले. हे कसं घडलं, आणि दोन भाषांची माणसं एका कथेला बसवायची तर त्यातून आज काय घेता येईल, याबद्दल बोलायचं आहे.

भोसल्यांचं तंजावरचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. दरबारात तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत, हिंदी अशा भाषा एकत्र नांदत. तंजावरच्या शहाजी राजांच्या (शिवरायांचे वडील नव्हेत) नावावर तर या पाचही भाषा वापरणारं एक नाटकच आहे. समर्थ संप्रदायाचे मठ तिथे होते, त्यामुळे कीर्तन आधीपासून होतंच. त्या परंपरेतले मेरुस्वामी पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी गेले, आणि महाराजांनी कुचेल आणि अजामिळ यांची आख्यानं हरिकथेच्या घाटात रचली. खरा पालट मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. रामचंद्रबुवा मोरगावकरांसारखे कीर्तनकार तंजावरला आले आणि त्यांचं ऐकून तिथल्या कृष्ण भागवतरांनी (भागवतर म्हणजे तिकडचे हरिकथाकार) तमिळ हरिकथेला नवा साचा दिला. त्यांनी मराठी पदं जशीच्या तशी उचलली नाहीत आणि त्यांची भाषांतरंही मांडून बसले नाहीत. वृत्तं घेतली, मांडणी घेतली, आणि त्यात तमिळ कथा, तमिळ शब्द, कर्नाटक संगीतातले राग भरले. तमिळ भागवतर आजही ‘साकी’, ‘दिंडी’ हे शब्द वापरतात. आपल्याला हेच प्रकार संगीत नाटकामुळे ओळखीचे. किर्लोस्करांच्या शाकुंतलात त्यांची रेलचेल आहे.

चिपळ्यांचंच बघा. तमिळमध्ये त्यांना ‘चप्पळाकट्टै’ म्हणतात. पुढचा तुकडा आपल्या चिपळीचा, मागचा ‘कट्टै’ म्हणजे लाकूड. वस्तू गेली, नाव गेलं, आणि नवख्या श्रोत्याला कळावं म्हणून नावाला तमिळ शेपूट जोडलं गेलं. दोन भाषांचा कार्यक्रम उभा करताना याच मार्गाने जावं असं माझं ठाम मत आहे: साचा सामाईक ठेवा, आशय ऐकणाऱ्याच्या भाषेत द्या, आणि जे शब्द दोघांना मिळून म्हणता येतील ते थोडे आणि पक्के ठेवा.

आता साच्याकडे. नारदीय कीर्तनात नमन, पूर्वरंग म्हणजे तत्त्वज्ञानाचं निरूपण, मध्ये नामगजर आणि बुक्का, मग उत्तररंगात आख्यान, शेवटी भैरवी आणि आरती. तंजावरकडे सुरुवातीला पंचपदी म्हणजे पाच पदं म्हणतात, आणि ‘जय जय रामकृष्ण हरी’ तिथेही तसंच म्हटलं जातं. हा सांगाडा दोन्हीकडच्या श्रोत्यांना अर्धामुर्धा ठाऊक असतो, म्हणून त्याची मोडतोड करू नये. दीड तासाचा कार्यक्रम असेल तर नमन आणि पंचपदीला दहा मिनिटं, पूर्वरंगाला पंधरा, गजर आणि बुक्क्याला दहा, आख्यानाला पंचेचाळीस, भैरवी-आरतीला दहा. पूर्वरंग लांबला की जमत नाही. तत्त्वज्ञानाचं निरूपण परक्या भाषेत पंधरा मिनिटांपुढे कुणी ऐकत नाही. कथा मात्र पाऊण तास सहज ऐकतात.

सगळ्यात जास्त कार्यक्रम फसतात ते वाक्यागणिक भाषांतराने. मराठीत एक वाक्य, लगेच तमिळमध्ये तेच. वेळ दुप्पट लागतो हे एक, पण त्याहून वाईट म्हणजे रस तुटतो. विनोदाला अर्धा मांडव आधी हसतो, अर्धा नंतर. करुण प्रसंगात एकाचे डोळे भरलेले असताना शेजारचा ‘काय झालं’ म्हणून विचारत असतो. त्यापेक्षा दोन निवेदक घ्या. पहिल्याने सहा-सात मिनिटं आपल्या भाषेत कथा एका टोकापर्यंत न्यावी, तिथे सामाईक ध्रुवपद यावं, आणि दुसऱ्याने दोन वाक्यांत मागचा धागा जोडून कथा पुढे न्यावी. मागे जाऊन पुन्हा सांगायचं नाही. ज्याला भाषा येत नाही तो ती सहा मिनिटं सूर, हावभाव आणि ओळखीची नावं यांवर निभावून नेतो. दहा मिनिटं नाही नेत. तमिळ हरिकथेत मुख्य कथेकऱ्याला ‘पिन्पाट्टु’ म्हणजे मागून साथीला गाणारा असतो, आपल्याकडे झीलकरी असतो. निदान एक साथीदार दोन्ही भाषा बोलणारा हवाच, कारण प्रेक्षकांत कुजबुज वाढली की ती कशाची हे त्यालाच कळतं.

ध्रुवपद आठ शब्दांहून मोठं नको. शिकवताना आधी नुसतं म्हणायचं, मग टाळीवर म्हणायचं, मग गायचं; प्रत्येक पायरी दोनदा. चाल पाच-सहा स्वरांत बसवावी. तारसप्तकात गेलेलं ध्रुवपद बायका सोडून देतात, खर्जात गेलेलं मुलं सोडतात.

कागदावर छापून देणार असाल तर लिपीकडे नीट लक्ष द्या. तमिळ लिपीत प, फ, ब, भ या चौघांना एकच अक्षर आहे. ‘भाव’ आणि ‘पाव’ सारखेच दिसतात. कर्नाटक संगीताच्या पुस्तकांत यावर तोडगा आहे: अक्षराच्या शेजारी २, ३, ४ असे बारीक आकडे घालतात. तेच वापरा, तिथल्या गाणाऱ्यांना ते सवयीचे असतात. उलट बाजूला आपली अडचण निराळी. तमिळमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. ऱ्हस्व ‘एन्’ म्हणजे ‘माझा’ आणि दीर्घ ‘एन्’ म्हणजे ‘का’. नेहमीच्या देवनागरीत दोन्ही एकच. अर्थ बिघडतो तो बिघडतोच, वृत्तही मोडतं. दिंडीत चरणाला १९ मात्रा, नवव्या मात्रेवर यती म्हणजे थांबा, शेवटी दोन गुरू. नमुन्यादाखल ओळ घ्या: ‘सुदामाजी ये, कृष्णदेवदारी’. ‘सुदामाजी ये’ याच्या नऊ, ‘कृष्णदेवदारी’ याच्या दहा. आता अशाच दिंडीच्या तमिळ चरणात ‘ओरु’ (एक) हा शब्द आला तर तमिळ माणूस त्याच्या दोन मात्रा धरतो. आपण देवनागरीत वाचताना ‘ओ’ला गुरू मानतो आणि तीन धरतो. चरण एका मात्रेने लंगडतो, मृदंगवाला गोंधळून बघतो, आणि चूक कुणाची ते कुणालाच सापडत नाही. यासाठी ऱ्हस्व अक्षरावर पेन्सिलीने खूण करायची, एवढंच.

यमकाचाही असाच पेच. मराठी कान ओळीच्या शेवटाची वाट बघतो. तमिळ कानाला ओळीच्या सुरुवातीची जुळणी लागते: दोन ओळींच्या पहिल्या शब्दांतलं दुसरं अक्षर सारखं असावं, जसं ‘कण्णन्’ आणि ‘वण्णन्’. त्याला ‘एदुगै’ म्हणतात. नवी साकी किंवा दिंडी रचून घेणार असाल तर दोन्ही ठेवा, सुरुवातीला एदुगै आणि शेवटी यमक. रचणाऱ्याला जड जातं खरं, पण दोघांनाही ते आपलं वाटतं.

परकी कथा आपल्या साच्यात बसवायची मराठीला जुनी सवय आहे. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ साली ते छापलं गेलं. बायबलातली कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत. तिथेही कथा दूरची, साचा इथला.

वाद्यांच्या बाबतीत नेमका घोटाळा पट्टीचा, म्हणजे गाण्याच्या आधारस्वराचा होतो. आपण ‘काळी एक’ म्हणतो, तमिळ वादक तिला ‘दीड कट्टै’ म्हणतो; इथे ‘कट्टै’ म्हणजे पट्टी. ते पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या पूर्ण आकड्याने मोजतात आणि काळ्या अर्ध्याने. आपली काळी चार म्हणजे त्यांची साडेपाच. फोनवर नुसतं ‘चार’ सांगितलं की मृदंग भलत्याच पट्टीचा येतो, आणि मृदंग अर्धा-एक स्वरापलीकडे ओढता येत नाही. म्हणून पट्टी आकड्याने सांगू नका, पेटीवर स्वर वाजवून पाठवा. ताल मात्र सोपा. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा, त्यांचा आदिताल आठ अक्षरांचा. टाळकऱ्यांनी टाळ वाजवावा आणि तिकडच्यांनी टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी-पालथा हात, टाळी-पालथा हात असं मोजावं. दोन्ही एकाच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतात. सम कुठे आहे ते तालमीत एकदा बोलून ठरवा, कारण तमिळ पद पुष्कळदा समेनंतर उठतं आणि आपले टाळकरी घाईने आधी पडतात.

आख्यान कोणतं निवडायचं, यावर मात्र सगळ्यात जास्त वेळ घालवा. सुदामा सुरक्षित आहे, दोन्हीकडे ठाऊक आहे. तमिळमध्ये तो कुचेलर. पण खरी जवळीक होते ती चोखोबा आणि तमिळ शिवभक्त नंदनार यांना शेजारी बसवल्यावर. दोघंही देवळाबाहेर ठेवलेले भक्त. तिरुप्पुंगूरच्या देवळात नंदनारांना बाहेरून शिव दिसावा म्हणून नंदी बाजूला सरकला, आणि तिथला नंदी आजही मध्यरेषेवर नाही. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी. एक आख्यान तमिळ निवेदकाने सांगावं, दुसरं मराठीने, आणि ध्रुवपद एकच.

इथे जपून चालावं लागतं. परंपरेत नंदनार चिदंबरमच्या शिवमंदिरात अग्नीतून शुद्ध होऊन आत जातात. तो प्रसंग नुसता चमत्कार म्हणून रंगवला तर समोर बसलेल्या कित्येकांच्या काळजाला तो लागतो. शुद्ध व्हायची गरज कुणाला होती, हा प्रश्न त्यांच्या मनात असतो आणि तो रास्त आहे. गोपाळकृष्ण भारतींनी एकोणिसाव्या शतकात या कथेत निर्दय जमीनदार आणला, म्हणजे दुखणं त्यांनाही दिसलं होतं. निवेदकाने तो प्रश्न स्वतःच्या तोंडाने विचारावा, मग पुढे जावं. चोखोबांच्या आख्यानात त्यांच्या पत्नी सोयराबाईंचा एक तरी अभंग असू द्या.

बसण्याची व्यवस्था क्षुल्लक वाटते, पण तिच्यावर गजर अवलंबून असतो. माणसं आपल्या भाषेच्या माणसाशेजारी बसतात, मग मांडवाचे दोन तुकडे होतात आणि आवाज एकाच बाजूने येतो. साठ-सत्तर श्रोते असतील तर ध्रुवपद पाठ असलेली आठ-दहा माणसं आधीच विखरून बसवा. बुक्का लावताना विचारून लावा. दुसऱ्या धर्माचे पाहुणे असले तर नुसता नमस्कारही पुरतो.

आरतीनंतर लगेच सतरंज्या गुंडाळू नका. अर्धा तास मोकळा ठेवा. त्या वेळात म्हाताऱ्या बायका जात्यावरची ओवी आठवतात, तिकडच्या आजी अंगाई म्हणतात. कुणाची हरकत नसेल तर फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि त्याच वेळी वहीत पाच गोष्टी लिहा: भाषा, गाव, कुणाकडून शिकल्या, कोणत्या कामाला किंवा प्रसंगाला म्हणत, आणि पहिली ओळ त्यांनी उच्चारली तशी. पहिली ओळ लिहिली नाही तर महिन्याभरात मुद्रणं एकमेकांत मिसळतात, आणि पुढच्या वर्षीच्या पंचपदीत घ्यायची ओवी नेमकी कोणती होती ते शोधत बसावं लागतं.