ऑस्लोची काळी कॉफी आणि ती देणारी दुकानं

नमस्कार मंडळी. युरोपातली कॉफी म्हटलं की आपल्याला व्हिएन्ना आठवतं, पॅरिस आठवतं, इटलीत काउंटरपाशी उभ्याउभ्या घेतलेला एस्प्रेसो आठवतो. नॉर्वेची राजधानी ऑस्लो, तिचं नाव सहसा कुणी घेत नाही. मी नोकरीनिमित्त तिथे राहिले आणि कॉफीची जी काही जाण मला आली ती बरीचशी त्या शहरात आली. तिथली माझी आवडती दुकानं आज तुम्हाला सांगणार आहे. मात्र ती नॉर्वेतच का उभी राहिली, हे आधी बोलायला हवं. माझं मत स्पष्ट आहे: ऑस्लोत पिणारे आधी तयार झाले, दुकानं त्यांच्या मागून आली.

नॉर्वेतल्या घरात कॉफी असते ती काळी, बहुतेक वेळा बिनसाखरेची आणि कागदाच्या फिल्टरमधून उतरलेली. त्याच्याही आधीची पद्धत म्हणजे कोकेकाफ्फे. किटलीत पाणी उकळायचं, विस्तवावरून उतरवायचं, जाडसर दळलेली पूड टाकायची आणि चोथा तळाशी बसेपर्यंत थांबायचं. डोंगरात फिरायला जाणारी मंडळी आजही शेकोटीवर अशीच कॉफी करतात. 1916 ते 1927 या काळात त्या देशात कडक दारूवर बंदी होती, आणि पाहुण्यापुढे काय ठेवायचं या प्रश्नाला कॉफी हेच उत्तर उरलं. ती सवय बंदी उठल्यावरही गेली नाही. दरडोई कॉफी पिण्यात नॉर्वे आजही जगातल्या पहिल्या काही देशांत आहे.

आता विचार करा, लाखो लोक रोज दूध-साखरेवाचून कॉफी पितात. दाणा जुना असला, किडका असला, करपलेला असला तर ते पहिल्या घोटातच कळतं. त्यामुळे तिथल्या व्यापाऱ्यांना चांगला माल आणावाच लागला. घरगुती कॉफीयंत्रं तपासणारी एक संस्थाही नॉर्वेत आहे. पाणी 92 ते 96 अंशांवर तापतं का, पुडीतला 18 ते 22 टक्के भाग कपात उतरतो का, हे मोजून ती यंत्राला मान्यता देते. लोकांच्या स्वयंपाकघरातली कॉफी नीट व्हावी म्हणून एवढा खटाटोप करणाऱ्या देशाबद्दल मला फार आदर वाटतो. त्यात ऑस्लोला पाण्याचंही सुख आहे. शहराचं बहुतेक पाणी मारिदाल्सवान्ने या तलावातून येतं आणि ते मऊ असतं. जड पाण्यातले क्षार कॉफीतला आंबटपणा मारून टाकतात. इथे तो जसाच्या तसा कपात येतो.

जाता जाता एक गोष्ट सांगते. ‘स्पेशालिटी कॉफी’, म्हणजे निवडक, उत्तम दर्जाची कॉफी, हा शब्द 1974मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी मासिकातून पुढे आला. तो वापरणारी एर्ना क्नुत्सेन ही बाई जन्मानं नॉर्वेची होती. लहानपणीच ती अमेरिकेत गेली आणि कॉफीच्या पूर्णपणे पुरुषी धंद्यात स्वतःच्या जिभेच्या जोरावर उभी राहिली.

आता दुकानांकडे वळू. संक्त हान्सहाउगेन नावाच्या टेकडीवरच्या बागेजवळ ‘जावा’ आहे. रॉबर्ट थोरेसेननं ते 1997मध्ये उघडलं आणि 2000 साली माँटे कार्लोला झालेली बरिस्तांची, म्हणजे दुकानात कॉफी करून देणाऱ्यांची, पहिली जागतिक स्पर्धा त्यानंच जिंकली. दुकान छोटं आहे, आजूबाजूचे लोक रोज येतात. एस्प्रेसो प्यायचा असेल तर मी इथे जायचे. ऑस्लोत पुढे जे घडलं त्याची सुरुवात बऱ्याच अंशी या कोपऱ्यातून झाली.

पण माझं पहिलं प्रेम ग्रूनरलोक्का भागातल्या टिम वेंडेलबोच्या दुकानावर आहे. हा भाग आकेर नदीकाठचा, एकेकाळी गिरणी कामगारांचा. वेंडेलबोनं 2004मध्ये जागतिक बरिस्ता स्पर्धा जिंकली, त्याच्या पुढच्या वर्षी चव ओळखण्याची जागतिक स्पर्धाही जिंकली आणि 2007मध्ये ग्रूनर्स गाते या रस्त्याच्या कोपऱ्यावर स्वतःच्या नावानं दुकान थाटलं. बसायला जागा अगदी थोडी. पोटभर खायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये. पुडक्यावर शेताचं किंवा शेतकऱ्याचं नाव असतं, कॉफीची जात असते, दाणा कसा धुतला आणि वाळवला ते असतं. होंडुरास, कोलंबिया, केनिया, इथिओपिया इथल्या ठरावीक लोकांकडून तो वर्षानुवर्षं माल घेत आला आहे. पीक संपलं की ती कॉफी संपली, पुढच्या हंगामापर्यंत वाट बघायची. आंब्याच्या बाबतीत आपण हे सहज मान्य करतो, कॉफीच्या बाबतीत कुणी आपल्याला तसं कधी सांगितलंच नाही.

इथली भाजणी फार हलकी असते. दाणा दालचिनीच्या रंगाचा, वर तेलाचा अंशही नाही. पहिल्यांदा पिणाऱ्याला ही कॉफी आंबट लागते आणि पातळही वाटते. यावर माझं सांगणं एवढंच की कप पाच-सात मिनिटं तसाच ठेवा. कॉफी कोमट होत जाते तसा गोडवा वर येतो. केनियाच्या एसएल 28 जातीच्या कॉफीत तर मला पिकल्या करवंदाची चव लागली होती. दाणा काळा होईपर्यंत भाजला की कोणत्याही मुलुखाची कॉफी साधारण सारखीच लागायला लागते, कारण आपण भाजणीचा कडवटपणाच पीत असतो. हलक्या भाजणीत मुलूख कळतो, जात कळते, पण त्याबरोबर दोषही कळतात. एक कच्चं फळ तोडलेलं असेल तरी ते जिभेला बोचतं. म्हणून हलकं भाजणाऱ्याला थेट शेतापर्यंत जावंच लागतं. वेंडेलबो तर आणखी पुढे गेला. त्यानं कोलंबियातल्या उइला प्रांतात स्वतः जमीन घेतली, तिचं नाव ‘फिंका एल सुएलो’ ठेवलं आणि सेंद्रिय पद्धतीनं, मातीवर मेहनत घेत, कॉफी लावली. जगज्जेत्या बरिस्तानं यंत्रामागून निघून मातीत हात घालावा, हे मला त्याच्या सगळ्या बक्षिसांपेक्षा मोठं वाटतं.

एरोप्रेस हे हातानं दाबून कॉफी गाळायचं प्लॅस्टिकचं साधं नळकांडं आता आपल्याकडेही खूप जणांकडे आहे. त्याची पहिली जागतिक स्पर्धा 2008मध्ये ऑस्लोतच झाली, आणि तिला स्पर्धक होते फक्त तीन.

तिथून चालत काही मिनिटांवर, थोरवाल्ड मेयर्स गाते रस्त्यावर ‘सुप्रीम रोस्टवर्क्स’ आहे. ऑड-स्टाइनर टोलेफ्सेन या त्यांच्या माणसानं 2015मध्ये स्वीडनच्या गोटेनबर्गला हातानं कॉफी गाळण्याची जागतिक स्पर्धा जिंकली, तीही इथिओपियाच्या, फळासकट वाळवलेल्या कॉफीवर. वेंडेलबोच्या कॉफीत स्वच्छपणा आहे, तर इथे थोडा मोकळेपणा असतो, गप्पाही जास्त होतात. नवख्या माणसाला मी आधी इथे घेऊन जाईन.

चौथं दुकान ‘फूग्लेन’, शहराच्या मध्यवर्ती भागातलं. 1963पासून तिथे कॉफीचं दुकान आहे. 2008च्या सुमारास नव्या मंडळींनी ते हाती घेतलं. आत विसाव्या शतकाच्या मध्यातलं नॉर्वेजियन फर्निचर, दिवे, भांडी मांडलेली आहेत. ती जुनी बनावट जपणारी माणसं तिथे आहेत आणि त्यातल्या वस्तू विकतही मिळतात. दिवसा कॉफी, संध्याकाळी कॉकटेल. 2012मध्ये त्यांनी टोकियोत शाखा काढली आणि ती तिकडे चांगलीच रुजली. कडाक्याच्या थंडीत, दुपारी साडेतीनलाच अंधार पडलेला असताना, तिथल्या खुर्चीत बसून फिल्टर कॉफी पिण्यात जे सुख होतं ते मी कधी विसरणार नाही.

तुमच्यापैकी काहींची मुलं तिकडे नोकरीला आहेत, त्यांच्याकडे जाल तेव्हा दुकानात गेल्यावर दूध घातलेलं काही मागू नका. आजची फिल्टर कॉफी कोणती आहे ते विचारा आणि तीच घ्या. दोन वेगवेगळ्या देशांच्या शेजारी शेजारी घेतल्यात तर फरक लगेच कळेल. येताना 250 ग्रॅमचं पुडकं दाण्यांचंच आणा, दळलेलं नको, आणि त्यावरची भाजणीची तारीख बघून घ्या. घरी लिटरभर पाण्याला 60 ते 65 ग्रॅम पूड घ्या, पाणी उकळलं की अर्धा-एक मिनिट थांबून मग ओता. आपल्या नळाचं पाणी जड असेल तर पिण्याचं मऊ पाणी वापरा, नाहीतर एवढ्या लांबून आणलेल्या कॉफीची चव हाती लागणार नाही.