तोंड बोलतं तेव्हा हात काय करतात

मंडळी, आधी एक खेळ. ही साधी गोल लाकडी काठी. उजव्या तर्जनीवर ती उभी तोलायची. पहिल्या रांगेतले हे काका तयार दिसतायत, या. वा, बराच वेळ टिकली! आता पुन्हा, पण या वेळी घरापासून सभागृहापर्यंतचा रस्ता सांगत सांगत. ...गेली! 'चौकातून डावीकडे' म्हणेपर्यंत काठी जमिनीवर. हसू नका, तुमचीही पडली असती.

१९७१ साली किन्सबोर्न आणि कुक या दोन संशोधकांनी हेच मोजलं होतं. उजखोरी माणसं बोलू लागली की उजव्या बोटावरची काठी लवकर पडायची. डाव्या बोटावरची मात्र त्यांच्या प्रयोगात उलट जास्त टिकली. नंतरच्या प्रयोगांत हे दरवेळी दिसलं नाही, त्यामुळे त्यावर मी फार भर देत नाही. पण उजव्याचंच का बिनसावं? उजवा हात मेंदूच्या डाव्या अर्ध्याच्या ताब्यात असतो आणि बहुतेकांचं बोलणंही तिथूनच चालतं. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोकांकडे एक रुग्ण होता, तो 'टॅन' एवढाच उच्चार पुन्हा पुन्हा करायचा. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. थोडक्यात, चूल एक आणि भांडी दोन.

हात आणि तोंड मेंदूत शेजारी आहेत, हे आपल्याला घरातही दिसतं. सुईत दोरा ओवताना आजीची जीभ ओठांतून डोकावते. कात्री चालवणाऱ्यांचे जबडे कात्रीबरोबर हलतात, हे डार्विननं १८७२ मध्येच लिहून ठेवलंय. नवजात बाळाचे दोन्ही तळवे हलके दाबले, तर ते तोंड उघडतं.

मग बोलताना हात बांधून ठेवावेत? शाळेत वक्तृत्व स्पर्धेला आमचे एक सर 'हात मागे!' म्हणून दटावायचे. माझं तर पाठ केलेलं भाषणही अडखळायचं. सरांवर राग नाही, पण त्यांचं चुकलंच. हात धरून ठेवले की जागा, दिशा, आकार यांबद्दल बोलताना माणसं जास्त अडखळतात, असं प्रयोगांत दिसलंय. आणि हातवारे काही फक्त ऐकणाऱ्यासाठी नसतात. फोनवर रस्ता सांगणारा हवेत वळणं काढतोच की! १९९८ मध्ये आयव्हरसन आणि गोल्डिन-मेडो यांनी दाखवलं, की जन्मांध मुलंही बोलताना हातवारे करतात. समोरचाही अंध आहे हे माहीत असलं तरी.

आता इयान वॉटरमन या इंग्रज माणसाकडे या. १९७१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, एका आजारानंतर त्याची मानेखालची स्पर्शाची आणि आपले अवयव कुठे आहेत याची जाणीव गेली. स्नायू शाबूत, पण डोळे मिटले की हात कुठेय ते कळायचं नाही. प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहत, मनाशी ठरवत करायला तो नव्यानं शिकला. पुढे डेव्हिड मॅकनील आणि जोनाथन कोल यांनी त्याचे हात पडद्याआड ठेवले, म्हणजे ते त्याला दिसणार नाहीत. कुठलीही वस्तू हाताळायला सांगितली, की गडबड. पण गोष्ट सांगायला लागला, की हात शब्दांच्या ठेक्यावर अचूक हलायचे! मला तर हे वाचून उठून येरझाऱ्या घालाव्याशा वाटल्या होत्या. न दिसणारा, न जाणवणारा हात, आणि तरी वाक्यातल्या नेमक्या शब्दावर येतोय.

म्हणजे काठी पडते ती बोलण्यामुळे नव्हे, बोलणं एक आणि हाताचं काम भलतंच, म्हणून. दोघांचा ठेका एक झाला की भांडण मिटतं. तबल्याची पढंत आठवा, म्हणजे तबल्याचे बोल तोंडानं म्हणत हातानं ताल धरणं. सोळा मात्रांचा तीनताल घ्या. 'धा धिं धिं धा' म्हणत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला 'धा तिं तिं ता' म्हणताना 'खाली', म्हणजे टाळी न देता हात नुसता वळवायचा. सरावलेल्याचा हात आपोआप वळतो. त्यालाच हातानं तीनताल धरून तोंडानं सतराचा पाढा उलटा म्हणायला सांगा. नववी मात्रा कुठे गेली, त्यालाच सापडणार नाही.

तबला शिकणारं कोणी आहे का इथे? मागून दोन हात वर झाले. या पुढे, काठी बाजूला ठेवा.