पुन्हा तेच रडणं

श्रोतेहो, नमस्कार.

सहा-सात महिन्यांचं बाळ. सकाळपर्यंत हसत-खेळत होतं. एकाएकी कळवळून रडायला लागतं, पाय पोटाशी घेतं, चेहरा पांढराफटक पडतो. काही मिनिटांत रडू थांबतं आणि बाळ आईच्या खांद्यावर मान टाकून पडून राहतं. घरातले म्हणतात, "वायू धरला असेल, गेला." पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच.

हे 'पुन्हा तेच' आज मला तुमच्या मनावर ठसवायचंय. मधल्या वेळात बाळ शांत दिसतं, म्हणून आईबाप थांबतात. पण ती शांतता बरं झाल्याची नसते, बाळ थकलेलं असतं.

लांब बाही वर सारताना तिचा एक भाग दुसऱ्यात शिरून बसतो ना, तसं लहान आतड्याचं टोक मोठ्या आतड्यात शिरतं. डॉक्टर याला इंटससेप्शन म्हणतात. तीन महिने ते तीन वर्षांच्या मुलांत आतडं बंद पडण्याचं हे फार मोठं कारण. आत गेलेलं आतडं आपल्या रक्तवाहिन्याही सोबत ओढून नेतं. मग सूज, हिरवी उलटी आणि शेवटी लालसर, जेलीसारखी चिकट शी. ती आव समजून औषध देत बसू नका. खरं तर रक्त दिसेपर्यंत थांबायचंच नसतं. आणि आयांनो, बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही. तुमचं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही.

सोनोग्राफीत हे चटकन कळतं. वर्तुळात वर्तुळ दिसतं. मग ऑपरेशनच? नाही, बहुधा नाही. 1876 साली कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी पाण्याच्या दाबाने आतडं मागे ढकलण्याची पद्धत मांडली. आजचा उपचार त्याच वाटेवरचा आहे. आधी शिरेतून सलाइन देऊन बाळाला सावरतात. मग गुदद्वारातून मऊ नळी घालून कोमट सलाइन किंवा हवा सोडतात, यालाच एनिमा म्हणतात. सलाइनची पिशवी साधारण एक मीटर उंच टांगलेली असते, हवेचा दाब पाऱ्याच्या 120 मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. पडद्यावर ती गाठ इंच-इंच मागे सरकताना दिसते, एका जागी अडते, खोलीत कुणी बोलत नाही. आणि अचानक पाणी उसळून लहान आतड्यात शिरतं. सुटलं! कित्येकदा बाळ तिथेच गाढ झोपतं.

वेळेवर आलेल्या दहांपैकी आठ-नऊ मुलांचं काम असं टाक्याविना होतं. आतडं फुटण्याचा धोका शंभरात एकाहूनही कमी, तरी शस्त्रक्रियेचे डॉक्टर तयार ठेवूनच हे करतात. पोट दगडासारखं कडक झालं असेल, आतडं फाटलं असेल किंवा बाळ शॉकमधून, म्हणजे रक्ताभिसरण ढासळण्यातून, सावरत नसेल, तर मात्र ही वाट बंद. उशीर महाग पडतो तो इथे.

घरी गेल्यावरही पहिले दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. दहांतल्या एखाद्या मुलाला हा त्रास परत होतो. तसं झालं तर घाबरून जाऊ नका, एनिमा पुन्हा देता येतो. फक्त रात्र असली तरी निघा, आणि बाळाचं मळलेलं दुपटं धुऊ नका, सोबत आणा. ते डॉक्टरांना बघू द्या.