युद्धाचे पंधरा दिवस

नमस्कार. विषय मोठा आहे आणि वेळ कमी, म्हणून सरळ सुरू करते. या हॉलमध्ये बऱ्याच जणांची मुलं, भाचे, पुतणे अमेरिकेत आहेत. २००१-०२ साल आठवा, तेव्हा व्हॉट्सॲप वगैरे काही नव्हतं, पोरं तिकडून कॉलिंग कार्डवर फोन करायची आणि आपण रविवारी सकाळी फोनपाशी बसून असायचो. त्या काळात तिथली एनएसए, म्हणजे नॅशनल सिक्युरिटी एजन्सी, फोन-संदेशांवर पाळत ठेवणारी सरकारी गुप्तचर संस्था, मोठ्या टेलिफोन कंपन्यांकडून कॉलच्या नोंदी ढिगाने घेत होती, कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरला, किती वाजता, किती वेळ. शिवाय ज्यांच्यावर अल-कायदाशी संबंधाचा संशय होता त्यांचे परदेशी कॉल ऐकतही होती, वॉरंट न घेता. आपला रविवारचा कॉल त्या ढिगात होता की नाही हे आपल्याला कधीच कळणार नाही. हे 'कधीच कळणार नाही' लक्षात ठेवा, पुढे कोर्टात सगळं त्याच्यावरच अडलं.

प्रश्न असा आहे की देश युद्धात असताना प्रेसिडेंटला जज्जाकडे न जाता लोकांचे फोन ऐकता येतात का. मला हा प्रश्न एका माणसाच्या वाटेने सांगायचाय, रॉबर्ट जॅक्सन. कारण हा माणूस या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेला आहे.

१९३४ च्या कायद्यात काँग्रेसने (काँग्रेस म्हणजे तिथली संसद) फोनवरचं बोलणं मधेच पकडून उघड करायला बंदी घातली होती, आणि ही बंदी सरकारी एजंटांनाही लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने १९३७ मध्ये आणि परत १९३९ मध्ये सांगितलं. १९४० मध्ये जॅक्सन ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारच्या कायदा खात्याचे प्रमुख, होते, त्यांनी मार्चमध्ये एफबीआयचं टॅपिंग बंद केलं. मे महिन्यात हिटलरचं सैन्य फ्रान्समध्ये घुसलं आणि २१ मे १९४० ला प्रेसिडेंट रूझवेल्टनी जॅक्सनना एक छोटी गुप्त चिठ्ठी पाठवली. तिचा आशय असा की सुप्रीम कोर्टाचं बरोबरच आहे, पण देशाच्या संरक्षणाच्या गंभीर बाबतीत हा निकाल लावावा असं कोर्टाच्या मनात असेल असं मला वाटत नाही, तेव्हा हेरगिरीचा संशय असलेल्यांचे फोन ऐकायला तुम्ही परवानगी द्या, मात्र कमीत कमी ठेवा आणि शक्यतो परकीय नागरिकांपुरतंच. जॅक्सननी ते मान्य केलं. आणि तारीख बघा, अमेरिका युद्धात उतरली डिसेंबर १९४१ मध्ये, म्हणजे युद्धाच्या नावावरची सूट युद्धाच्या दीड वर्ष आधीच सुरू झाली होती.

मला रूझवेल्टचा राग येत नाही हे स्पष्ट सांगते. समोर हिटलर होता. पण त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं ते बघा. १९४६ मध्ये युद्ध संपलेलं, ट्रुमन प्रेसिडेंट, त्यांच्याकडे नव्या ॲटर्नी जनरलने तीच परवानगी मंजुरीला पाठवली आणि त्यात रूझवेल्टचं 'कमीत कमी, शक्यतो परकीयांपुरतं' हे वाक्यच नव्हतं. ट्रुमननी सही केली. युद्धात घातलेली अट शांततेत गळून पडली. त्यानंतर १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये मार्टिन लूथर किंगचा फोन टॅप करायला परवानगी मिळाली ती राष्ट्रीय सुरक्षेच्या नावानेच, सही तेव्हाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांची. आणि १९४५ पासून तीस वर्षं शॅमरॉक नावाखाली तीन बड्या तार कंपन्या परदेशी तारांच्या प्रती सरकारला देत होत्या. वॉरंट नाही, कोर्ट नाही, कुणाला पत्ताच नाही.

आता जॅक्सनकडे परत. ते १९४१ मध्ये सुप्रीम कोर्टात जज्ज झाले, मधे नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात अमेरिकेचे मुख्य वकील होते. १९५२ मध्ये कोरियाचं युद्ध चालू, पोलाद कामगार संपावर जाणार, तर ट्रुमननी पोलाद गिरण्याच ताब्यात घेतल्या, म्हणाले युद्धाला पोलाद लागतं. कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते रद्द केलं आणि जॅक्सननी वेगळं मत लिहिलं, ते आजही प्रत्येक वकील उद्धृत करतो. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. काँग्रेसची संमती असेल तर प्रेसिडेंटची ताकद सगळ्यात जास्त. काँग्रेस गप्प असेल तर संधिप्रकाश, परिस्थिती बघून ठरवायचं. आणि काँग्रेसने सांगितलंय त्याच्या उलट प्रेसिडेंट वागत असेल तर त्याची ताकद सगळ्यात कमी. बारा वर्षांपूर्वी आपल्याच प्रेसिडेंटची चिठ्ठी हातात घेऊन उभा राहिलेला माणूस हे लिहितोय, मला दर वेळी वाचताना ते जाणवतं.

१९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८-० ने सांगितलं की देशातल्या देशात, स्वतःच्या नागरिकांवर, नुसतं 'राष्ट्रीय सुरक्षा' म्हणून वॉरंटशिवाय टॅप करता येणार नाही. मिशिगनमधली केस होती, ॲन आर्बरला सीआयएच्या ऑफिसात बॉम्बस्फोट झाला होता. पण परकीय सत्तांच्या हेरांचं काय, हा प्रश्न कोर्टाने मुद्दाम उघडा ठेवला. मग प्रेसिडेंट निक्सनना घालवणारं वॉटरगेट प्रकरण, मग गुप्तचर खात्यांची चौकशी करणारी सिनेटर फ्रँक चर्चची कमिटी, आणि १९७८ मध्ये फिसा, म्हणजे परकीय हेरांवर पाळत ठेवण्याबाबतचा कायदा, प्रेसिडेंट कार्टरच्या सहीने. गुप्त कोर्ट, तिथे गुप्तपणे अर्ज करा, वॉरंट घ्या, घाई असेल तर आधी ऐका आणि २४ तासांत कोर्टात या. देशाच्या आत परकीय हेरांमागे लागायचं तर हाच एक मार्ग, असंही कायद्यातच लिहिलं.

आणि आता ज्याच्यासाठी मी आज उभी आहे ते कलम. फिसामध्ये युद्धाचा विचार केलेला आहे! काँग्रेसने युद्ध जाहीर केलं की प्रेसिडेंटला कोर्टाशिवाय टॅपिंग करता येईल, १५ दिवस. पंधराच का? काँग्रेसच्या खालच्या सभागृहाच्या, हाउसच्या, मसुद्यात एक वर्ष होतं, ते कापून १५ दिवस केलं, कारण तेवढ्या वेळात प्रेसिडेंटने आमच्याकडे यावं, युद्धासाठी कायदा बदलायचा असेल तर सांगावं, आम्ही बदलू. म्हणजे काँग्रेस गप्प नव्हती, युद्धाचं नाव घेऊन बोलली होती. जॅक्सनच्या भाषेत ही तिसरी पायरी झाली. आणि १९४२ नंतर अमेरिकेने कधी युद्ध जाहीरच केलेलं नाही, कोरिया, व्हिएतनाम, इराक काहीच नाही, त्यामुळे ते कलम आजवर एकदाही वापरलं गेलेलं नाही.

२००१ मध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर १८ सप्टेंबरला प्रेसिडेंट बुशनी लष्करी कारवाईच्या ठरावावर सही केली. त्या वेळचे सिनेटमधले बहुमताचे नेते टॉम डॅशल यांनी नंतर लिहिलं की मतदानाच्या जरा आधी व्हाइट हाउसला त्यात 'अमेरिकेच्या आत' असे शब्द घालून हवे होते आणि आम्ही नकार दिला. ४ ऑक्टोबरला बुशनी गुप्त आदेश काढला, सुरुवातीला सांगितलेलं एनएसएचं काम त्याच्यावरच चालायचं. दर दीड-एक महिन्याने त्यावर नवी सही व्हायची. मार्च २००४ मध्ये कायदा खात्यानेच सही द्यायला नकार दिला, ॲटर्नी जनरल ॲशक्रॉफ्ट हॉस्पिटलमध्ये आयसीयूत होते तर व्हाइट हाउसचे दोन बडे अधिकारी तिथे सही मागायला गेले. ॲशक्रॉफ्टनी अंथरुणातून मान उचलून नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी कायदा खात्याच्या सहीशिवाय आदेश पुढे चालू झाला, एफबीआयचे प्रमुख मुलर आणि इतर बरेच जण राजीनाम्यावर आले, तेव्हा कुठे काही बदल झाले. हा बुशच्याच पक्षाचा, त्यांनीच नेमलेला ॲटर्नी जनरल होता हो, कुणी विरोधक नव्हता.

सरकारची बाजू पोकळ होती असं मी म्हणणार नाही. त्यांचं म्हणणं, सैन्याचा प्रमुख म्हणून शत्रूचं बोलणं ऐकणं हा घटनेनेच दिलेला अधिकार आहे, काँग्रेस तो काढून घेऊ शकत नाही, आणि कारवाईच्या ठरावात ऐकणंही आलंच. २००२ मध्ये फिसाच्या अपील कोर्टाने जाता जाता काहीसं तसंच लिहिलंय. पण त्या ठरावात फोनचा 'फ'सुद्धा नाही, आणि २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या जस्टिस ओकॉनरनी दुसऱ्या एका केसमध्ये लिहिलं की युद्ध म्हणजे प्रेसिडेंटला दिलेला कोरा चेक नव्हे.

डिसेंबर २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी छापली तेव्हा लोकांना कळलं. ऑगस्ट २००६ मध्ये डेट्रॉइटच्या जज्ज ॲना डिग्ज टेलर यांनी तो कार्यक्रम घटनाबाह्य ठरवला. वर्षभरात वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, का, तर तुमचाच फोन ऐकला हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही, आणि कुणाचे फोन ऐकले ती यादी गुप्त आहे. २०१३ मध्ये फिसात २००८ साली केलेल्या बदलांविरुद्धच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही ५-४ ने तेच म्हटलं. मूळ प्रश्नाला सुप्रीम कोर्टाने आजपर्यंत हात लावलेला नाही.

(प्रश्नोत्तरात एका गृहस्थांनी विचारलं, पण मॅडम, बॉम्ब फुटत असताना पंधरा दिवसांत संसद काय करणार?)

चांगला प्रश्न आहे. काय केलं ते बघू या ना. हल्ल्यानंतर ४५ दिवसांत पेट्रियट ॲक्ट, म्हणजे दहशतवादाविरुद्धचा कायदा, पास झाला, त्यात फिसामध्ये बरेच बदल केले, सरकारने मागितले तसे. त्याच डिसेंबरात ते २४ तास वाढवून ७२ केले. म्हणजे काँग्रेस बसलेली होती, देत होती. मग वॉरंटशिवाय ऐकायची परवानगी का नाही मागितली? पत्रकारांनी डिसेंबर २००५ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल गोन्झालेस यांना हेच विचारलं. ते म्हणाले, काँग्रेसच्या काही सदस्यांशी आम्ही बोललो होतो, आणि ते मिळणं अवघड, जवळजवळ अशक्य आहे असं आम्हाला सांगण्यात आलं. म्हणून मागितलं नाही.